जेसी चावेझ: नऊ संघ, दहा सौदे आणि ६५७ सामने

माणगंगा

२०२५ च्या जुलैमध्ये जेसी चावेझने बेसबॉल सोडले, तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. अठरा हंगाम, नऊ संघ, ६५७ सामने आणि एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे झालेले दहा सौदे, असा त्याच्या कारकिर्दीचा हिशेब आहे. ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची निवड कधी झाली नाही आणि कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव लागण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही गेल्या दोन दशकांतले अमेरिकी व्यावसायिक बेसबॉल आतून कसे चालते हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने एखाद्या महान खेळाडूच्या विक्रमांपेक्षा चावेझच्या बदल्यांची यादी बारकाईने वाचावी, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्यासाठीच हा धागा काढत आहे.

या खेळाशी फारसा परिचय नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. सामना नऊ इनिंगचा असतो. सुरुवात करणारा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू), म्हणजे स्टार्टर, आजकाल साधारण पाच-सहा इनिंग टाकतो आणि उरलेला सामना बुलपेनमधल्या, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्यातल्या, रिलिव्हरांना सांभाळावा लागतो. एकदा मैदानाबाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे कोणाला केव्हा आणायचे हा मॅनेजरपुढचा रोजचा पेच असतो. शेवटच्या इनिंगमध्ये निसटती आघाडी राखतो तो क्लोजर. पैसा आणि प्रसिद्धी बहुतांशी त्याच्याच वाट्याला जाते. मात्र दुसऱ्याच इनिंगमध्ये स्टार्टर कोलमडतो, सातव्या इनिंगला संघ तीन धावांनी मागे असतो आणि तरीही कोणाला तरी चेंडू टाकावे लागतात, किंवा बरोबरीचा सामना पंधराव्या इनिंगपर्यंत लांबतो आणि बुलपेन रिकामे होते, अशा वेळी जो उठतो त्याची नोंद वर्तमानपत्रात सहसा होत नाही. चावेझ आयुष्यभर प्रामुख्याने हे काम करत राहिला.

त्याचा जन्म १९८३ चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन गेब्रिएलचा. तो वाढला लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या फोंटाना शहरात. २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या फेरीवार निवडीत, टेक्सस रेंजर्सनी त्याला ४२ व्या फेरीत निवडले. मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, खेळत असतानाच, २००६ च्या जुलैअखेर, त्याचा पहिला सौदा झाला आणि किप वेल्स या पिचरच्या बदल्यात तो पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेला. त्यांच्याकडून २७ ऑगस्ट २००८ रोजी तो मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला. पुढच्या हंगामात त्याला तब्बल ७३ सामन्यांत वापरले गेले, आणि तो हंगाम संपताच नोव्हेंबरात पायरेट्सनी त्याला टॅम्पा बे रेजकडे आणि डिसेंबरात रेजनी अटलांटा ब्रेव्ह्जकडे पाठवले. रेजसाठी त्याने एकही चेंडू टाकला नाही. ३१ जुलै २०१० रोजी ब्रेव्ह्जनी त्याला कॅन्सस सिटी रॉयल्सना दिले. २०११ च्या ऑक्टोबरात टोरोंटो ब्लू जेजनी त्याला वेव्हरवरून (एखाद्या संघाने सोडायला काढलेल्या खेळाडूवर इतर संघ हक्क सांगू शकतात, ती सोय) उचलले आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये ओकलंड ॲथलेटिक्सना केवळ रोख रकमेच्या बदल्यात देऊन टाकले.

त्या क्षणी तो तिशीच्या उंबरठ्यावर होता, त्याचा कारकिर्दीतला ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी, पाचाच्या वर होता आणि त्याच्या बदल्यात खेळाडू द्यावा असे कोणाला वाटले नव्हते. बहुसंख्य रिलिव्हरांची कारकीर्द अशाच ठिकाणी संपते. ओकलंडमध्ये मात्र त्याने कटर या चेंडूवर भर दिला. हा चेंडू फास्टबॉलच्या वेगाच्या जवळपास येतो आणि अगदी शेवटच्या क्षणी थोडासा बाजूला सरकतो. फलंदाज चुकत नाही, पण बॅटच्या जाड भागाऐवजी कडेला चेंडू लागतो आणि फटका मवाळ होतो. २०१४ मध्ये ओकलंडने त्याला चक्क स्टार्टर केले. त्या वर्षी त्याने २१ सामन्यांची सुरुवात केली, १४६ इनिंग टाकल्या आणि ३.४५ चा ईआरए राखला. तरीही जुलैमध्ये संघाने जेफ समार्जा, जेसन हॅमल आणि पाठोपाठ जॉन लेस्टर यांना आणले, तेव्हा जागा करून देण्यासाठी बुलपेनमध्ये परत गेला तो चावेझच.

त्यानंतरचा प्रवास भराभर सांगतो. २०१५ च्या नोव्हेंबरात पुन्हा टोरोंटो, २०१६ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स, २०१७ मध्ये एंजल्स, २०१८ मध्ये रेंजर्स आणि त्याच जुलैमध्ये शिकागो कब्ज. कब्जसाठी ३२ सामन्यांत त्याचा ईआरए १.१५ होता, आणि तेव्हा तो ३५ व्या वर्षात होता. पुढे दोन वर्षे रेंजर्स आणि २०२१ पासून बहुतांश काळ अटलांटा, जिथे त्याला वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या संघाचा भाग होता आले.

माझे म्हणणे असे की संघांची लांबलचक यादी पाहून अशा खेळाडूला 'कुठेच न टिकलेला' म्हणणे अन्यायाचे आहे. सौदा होण्यासाठी कोणीतरी त्याला सोडावे लागते हे खरे, पण कोणीतरी तो मागावाही लागतो. दहा सौदे, शिवाय वेव्हरवरून उचलणे आणि मुक्त करार, इतक्या वेळा कोणत्या ना कोणत्या संघाच्या कार्यालयात 'आपल्याला हा माणूस हवा आहे' असे ठरले. जाणकारांनी आपली मते मांडावीत.

---

सदाफुली

लेख आवडला. मी बेसबॉल अधूनमधून पाहते, त्यामुळे एक प्राथमिक शंका विचारते. २०२५ च्या हंगामाच्या बातम्यांमध्ये 'चावेझला डीएफए केले' आणि थोड्याच दिवसांत 'चावेझ पुन्हा ब्रेव्ह्जमध्ये' असे अनेकदा वाचले होते. ज्या संघाने काढून टाकले, त्याच संघाने लगेच परत का घ्यावे? आणि त्यानेही का जावे?

---

उत्तररात्र

सदाफुली, हा प्रश्न प्राथमिक मुळीच नाही. या कारकिर्दीची किल्लीच त्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेजर लीगच्या संघाची सामन्यासाठीची यादी २६ जणांची असते आणि २०२२ पासून त्यात १३ हून अधिक पिचर ठेवता येत नाहीत. त्याखेरीज ४० जणांची एक मोठी यादी असते. नव्या खेळाडूंना संघ ठरावीक वर्षांत 'ऑप्शन' वापरून मायनर लीगमध्ये खाली-वर करू शकतो. चावेझसारख्या अनुभवी खेळाडूचे ऑप्शन केव्हाच संपलेले असतात. त्याला २६ मधून काढायचे तर डीएफए, म्हणजे 'डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट', हाच रस्ता उरतो. तसे करताच तो ४० च्या यादीतूनही बाहेर पडतो आणि सात दिवसांच्या आत संघाला त्याचा सौदा करावा लागतो, त्याला वेव्हरवर ठेवावे लागते किंवा मुक्त करावे लागते. वेव्हरवर कोणीच उचलले नाही, तर संघ त्याला मायनर लीगमध्ये धाडू शकतो. पण तीन वर्षांहून अधिक सेवा झालेल्या खेळाडूला ते नाकारून मुक्त होण्याचा हक्क असतो. चावेझ मुक्त होई आणि त्याच संघाशी मायनर लीगचा नवा करार करी.

आता हे का घडते ते पाहा. समजा एका सामन्यात स्टार्टर लवकर कोलमडला आणि चावेझने तीन इनिंग टाकल्या. पुढचे दोन-तीन दिवस त्याच्या खांद्याला विश्रांती हवी. १६२ सामन्यांच्या हंगामात सुट्टीचे दिवस मोजकेच असतात आणि संघाला दुसऱ्या दिवशी ताजा हात लागतो. म्हणून ज्याने काल संघाला वाचवले, त्यालाच आज डीएफए केले जाते. खेळाडूच्या बाजूने पाहिले, तर २०२५ मध्ये मेजर लीगचे किमान वेतन वर्षाला ७,६०,००० डॉलर होते आणि ते दिवसांच्या हिशेबाने मिळते. म्हणजे वरच्या यादीतला प्रत्येक दिवस सुमारे चार हजार डॉलरचा. शिवाय प्रत्येक दिवस सेवाकालात जमा होतो. १७२ दिवस म्हणजे एक वर्षाची सेवा, निवृत्तिवेतनाचा हक्क ४३ दिवसांनी मिळतो आणि पूर्ण निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षे लागतात. चावेझने ती दहा वर्षे आधीच भरली होती, त्यामुळे शेवटी शेवटी तो केवळ हिशेबासाठी परत जात नसणार, असे मला वाटते.

---

निळा पारवा

धागाकर्त्याविषयी पूर्ण आदर राखून असहमती नोंदवतो. सौदा व्हायला कोणीतरी मागावा लागतो, हे तर्काला धरून आहे. पण दहा सौद्यांपैकी किती वेळा तो स्वतः हवा होता आणि किती वेळा पारडे समतोल करण्यासाठी टाकलेली भर होता, हेही पाहावे लागेल. २०१० मध्ये तो रॉयल्सकडे गेला तो ग्रेगोर ब्लँको आणि टिम कॉलिन्स यांच्यासोबत, आणि बदल्यात आले रिक अँकिल व काइल फार्न्सवर्थ. पाच जणांच्या या व्यवहारात चावेझ मुख्य नव्हता. २०१२ मध्ये तर बदल्यात रोख पैसे आले. २०१५ मध्ये ओकलंडसाठी त्याने सात सामने जिंकले आणि पंधरा हरले. २०१७ मध्ये एंजल्ससाठी ५.३५ चा ईआरए होता. संपूर्ण कारकिर्दीचा ईआरए चारच्या वर आहे. हे आकडे एका साधारण पिचरचे आहेत, आणि साधारण असण्यात कमीपणा नाही. पण साधारणपणाला कणखरपणाचे तेज चढवण्याची आपल्याला सवय आहे.

माझी खरी हरकत व्यवस्थेला आहे. ४१ वर्षांच्या माणसाला एका हंगामात पुन्हा पुन्हा काढणे आणि परत बोलावणे हे नियमांत बसते म्हणून योग्य ठरत नाही. आपण त्याच्या चिकाटीचे कौतुक करतो, तेव्हा ती चिकाटी संघांना स्वस्तात उपलब्ध होती या गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. शिवाय सौदा झाला की थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावी हजर व्हायचे असते, आणि मागे राहिलेले भाड्याचे घर, मुलांची शाळा, सामानसुमान हे सगळे बहुतेक वेळा पत्नीला आवरावे लागते. या खेळाच्या चर्चेत त्या श्रमांची नोंद कुठेच होत नाही.

---

खाडीपलीकडे

मी त्या वर्षांत बे एरियात होतो आणि ओकलंडच्या कोलिझियममध्ये जाणे स्वस्त असल्यामुळे आम्ही काही मराठी कुटुंबे मिळून तिथे वरचेवर जात असू. धाग्यात अजून न आलेल्या एका सामन्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण चावेझविषयी माझे मत त्या सामन्याने बनवले.

१३ जून २०१३, ओकलंड विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज. सामना २-२ असा अडकला आणि अठराव्या इनिंगपर्यंत चालला. एकूण वेळ साडेपाच तासांहून अधिक. दिवसाचा सामना होता आणि कामाचा वार होता, त्यामुळे मी तो कार्यालयात रेडिओवर ऐकत होतो. बाराव्या-तेराव्या इनिंगनंतर ओकलंडचे बुलपेन जवळपास संपले आणि चावेझ आला. त्याने सलग पाच पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग टाकल्या. त्या साऱ्या काळात यांकीजना एकच हिट मिळाला आणि धाव एकही नाही. अशा परिस्थितीतल्या पिचरला चुकीची मुभा नसते, कारण पाहुणा संघ आधी फलंदाजी करतो आणि एका धावेनेही तो पुढे जातो. प्रत्येक इनिंग संपली की पुढची पुन्हा त्यालाच टाकायची आहे हे त्याला ठाऊक होते, कारण मागे कोणी नव्हतेच.

अठराव्या इनिंगमध्ये यांकीजतर्फे मारियानो रिवेरा आला. क्लोजरांमध्ये तो सर्वश्रेष्ठ. कारकिर्दीत ६५२ सेव्ह (शेवटी आघाडी राखून दिलेले सामने), १९ हंगाम आणि सारे एकाच संघाकडून. नेट फ्रायमनने त्याच्या चेंडूवर हिट मारला, ओकलंडने सामना ३-२ असा जिंकला आणि विजय चावेझच्या नावावर लागला. दोघांचेही मुख्य अस्त्र कटरच होते. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांमध्ये अर्थातच फ्रायमन आणि रिवेरा होते.

निळा पारवा, आपण २०१५ च्या पंधरा पराभवांचा उल्लेख केला आहे. पिचरचा जय-पराजय त्याच्या संघाने किती धावा केल्या यावर निम्मा तरी अवलंबून असतो, आणि त्या वर्षी ओकलंडचा संघ आपल्या विभागात तळाला होता. त्या आकड्याने चावेझला तोलू नये, एवढेच म्हणेन.

---

माणगंगा

निळा पारवा, आपल्या प्रतिसादातला दुसरा परिच्छेद मला पूर्ण मान्य आहे आणि मूळ लेखात ती बाजू यायला हवी होती. पहिल्या परिच्छेदाविषयी मात्र थोडे लिहितो.

रिलिव्हरला ईआरएने मोजणे मुळातच अडचणीचे आहे. तिन्ही बेस भरलेले असताना रिलिव्हर आत आला आणि त्याच्या पहिल्याच चेंडूवर ते तिन्ही धावपटू घरी पोहोचले, तर त्या तीन धावा आधीच्या पिचरच्या खात्यावर लागतात आणि रिलिव्हरचा आकडा स्वच्छ राहतो. उलट त्याने तिघांनाही अडकवून ठेवले, तर त्याचे श्रेय त्याच्या ईआरएमध्ये कुठेच दिसत नाही. दुसरी गोष्ट, रिलिव्हर वर्षाला जेमतेम ५०-६० इनिंग टाकतो. त्यातले दोन वाईट दिवस अख्ख्या हंगामाचा आकडा बिघडवतात. ज्या दिवशी बुलपेन थकलेले असते त्या दिवशी चावेझसारख्याला मार खात असतानाही आत ठेवले जाते, कारण इतरांचे हात उद्यासाठी जपायचे असतात. त्याच्या आकड्यांतल्या काही धावा अशा दुसऱ्यांसाठी घेतलेल्या आहेत.

तो साधारण होता असे आपण म्हणता. २०१८ ते २०२४ या काळात कब्ज आणि ब्रेव्ह्जसाठी त्याने जे केले, ते मला साधारण वाटत नाही. २०२१ मध्ये २.१४, २०२३ मध्ये १.५६ आणि वयाच्या चाळिशीतल्या २०२४ मध्ये ४६ सामन्यांत ३.१३ असा त्याचा ईआरए आहे. फास्टबॉलचा वेग उतरत जातो त्या वयात त्याची अचूकता वाढत गेली. आजच्या बुलपेनमध्ये ताशी ९५ मैलांच्या वर चेंडू फेकणारे तरुण भरलेले असताना हा माणूस ९० च्या आसपासच्या वेगावर टिकून राहिला, याचे मला विशेष अप्रूप आहे.

---

चट्टाहूचीकाठ

अटलांटात राहणारा आणि ब्रेव्ह्जचा पाठीराखा म्हणून दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

२०२१ च्या वसंतात एंजल्सनी चावेझला सोडले आणि ब्रेव्ह्जनी त्याला मायनर लीगच्या करारावर घेतले. जूनमध्ये तो वर आला. त्या वर्षीचे आमचे बुलपेन अशाच माणसांचे होते. टायलर मॅटझेकला तर २०१५ नंतर थेट २०२० मध्ये मेजर लीगमध्ये परतता आले होते. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतला चौथा सामना २० ऑक्टोबरला डॉजर स्टेडियमवर होता. त्या दिवशी सुरुवात करणार होता उआस्कार इनोआ, पण त्याचा खांदा ऐनवेळी दुखावला आणि पहिली इनिंग टाकायला चावेझला पुढे केले. फोंटानापासून तासाभराच्या अंतरावर, एकेकाळी ज्या संघाचा गणवेश घातला त्याच डॉजर्सपुढे त्याने पहिली इनिंग शून्यावर काढली. एडी रोझारिओने त्या रात्री दोन होमरन मारले आणि आम्ही ९-२ असे जिंकलो. २ नोव्हेंबरला ह्यूस्टनमध्ये वर्ल्ड सिरीज आमची झाली. पहिल्याच सामन्यात चार्ली मॉर्टनचा पाय मोडल्यामुळे त्या मालिकेत बुलपेनवर किती भार पडला, हे ज्यांनी पाहिले त्यांना चावेझचे मोल सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट जून २०२३ ची. डेट्रॉइटमध्ये मिगेल कॅब्रेराने मारलेला चेंडू सरळ त्याच्या नडगीवर आदळला. हाडाला बारीक चीर गेली होती. सुरुवातीला साधा मार वाटलेले ते दुखणे सप्टेंबरपर्यंत लांबले आणि त्याचा सर्वोत्तम हंगाम ३६ सामन्यांवर थांबला. त्यानंतरही तो परत आला.

तिसरी गोष्ट अॅलेक्स अँथोपोलोस यांची. २०११ मध्ये टोरोंटोने त्याला वेव्हरवरून उचलले तेव्हा तिथले जनरल मॅनेजर हेच होते. २०१६ मध्ये डॉजर्सनी त्याला घेतले तेव्हा ते डॉजर्सच्या कार्यालयात वरिष्ठ पदावर होते, आणि २०१७ च्या अखेरीपासून ते अटलांटाचा कारभार पाहत आहेत. फिरत्या खेळाडूला अनेकदा संघ बदलूनही तेच अधिकारी भेटत राहतात. आपल्याला ओळखणारा एक माणूस निर्णयाच्या खुर्चीवर असणे, हे या कारकिर्दीत किती महत्त्वाचे ठरले असेल याचा विचार व्हावा.

---

कऱ्हेकाठचा

चावेझ पायरेट्समध्ये होता तेव्हाच, २००८ च्या नोव्हेंबरात, त्या संघाने भारतातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोघांशी करार केला होता. उत्तर प्रदेशातले हे दोघे भालाफेकपटू एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले गेले आणि टॉम हाउस यांच्याकडे अमेरिकेत शिकले. २००९ मध्ये ते गल्फ कोस्ट लीगमध्ये, म्हणजे मायनर लीगच्या अगदी खालच्या पायरीवर खेळले. दिनेशला २०१० मध्येच थांबावे लागले. रिंकू २०११ मध्ये दोन पायऱ्या वर, वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या संघापर्यंत पोहोचला, पण पुढे कोपराच्या दुखापतीने अडला आणि शेवटी कुस्तीच्या मनोरंजन क्षेत्रात गेला. आपल्याकडे त्यांची कथा 'मोठ्या यशाची' म्हणून सांगितली गेली. चावेझची पहिली पाच-सहा वर्षे याच पायऱ्यांवर गेली होती आणि त्याच्याबरोबर चढायला लागलेल्यांपैकी बहुतेक जण मध्येच उतरले. मेजर लीगमधला 'साधारण' पिचर कोणत्या उंचीवर असतो, हे या दोघांच्या प्रवासावरून चांगले कळते.

---

उत्तररात्र

कऱ्हेकाठचा यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो की त्या पायऱ्यांवर चढणेही आता अधिक अवघड झाले आहे. २००२ चा ड्राफ्ट ५० फेऱ्यांचा होता, २०२१ पासून तो २० फेऱ्यांचा आहे. त्याच वर्षी संलग्न मायनर लीग संघांची संख्या १२० वर आणण्यात आली आणि चाळीसहून अधिक गावांचे संघ या साखळीतून बाहेर पडले. ४२ व्या फेरीतल्या मुलाला आज ड्राफ्टविना करार मिळू शकतो, पण त्याला सहा वर्षे खाली ठेवून वाट पाहणारा संघ सापडणे कठीण आहे. एक गोष्ट मात्र सुधारली. मायनर लीगच्या खेळाडूंची संघटना २०२२ मध्ये उभी राहिली आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. चावेझच्या पिढीला खालच्या लीगमधल्या तुटपुंज्या पगारावर आणि पाहुण्या घरांमधल्या मुक्कामावर दिवस काढावे लागत.

---

सदाफुली

सर्वांचे आभार. आता एक तुलनेचा प्रश्न. अशा फिरत्या रिलिव्हरांमध्ये चावेझ नेमका कुठे बसतो?

---

खाडीपलीकडे

संघांच्या संख्येत एडविन जॅक्सन पुढे आहे. २०१९ मध्ये टोरोंटोसाठी खेळला तेव्हा त्याचे चौदा संघ झाले. त्याआधी ऑक्टाव्हिओ डोटेलचे तेरा होते. सामन्यांच्या संख्येत जेसी ओरोस्को, १२५२. पण मला जवळचा वाटतो तो लाट्रॉय हॉकिन्स. अकरा संघ, २१ हंगाम, १०४२ सामने. मिनेसोटात तो स्टार्टर म्हणून अपयशी ठरला. १९९९ मध्ये त्याचा ईआरए ६.६६ होता. बुलपेनमध्ये गेल्यावर २००३ मध्ये तो १.८६ वर आला. २००८ मध्ये यांकीजकडे गेल्यावर त्याने रॉबर्टो क्लेमेंते यांच्या स्मरणार्थ २१ क्रमांक घेतला. तो पूर्वी पॉल ओनील यांचा असल्यामुळे स्वतःच्याच मैदानावर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि एप्रिल संपण्याआधी त्याला क्रमांक बदलावा लागला. फिरत्या खेळाडूला नव्या घरातल्या जुन्या आठवणींशीही जुळवून घ्यावे लागते. हॉकिन्सपाशी नाव होते आणि सेव्हही होते. चावेझपाशी यातले फारसे काही नव्हते, म्हणून त्याचे अठरा हंगाम मला अधिक कठीण वाटतात.

---

निळा पारवा

माझी मूळ हरकत कायम ठेवून, या चर्चेमुळे सौद्यांची यादी पुन्हा नीट तपासली. त्याच्या बदल्यात कोण कोण गेले ते पाहिले आणि त्यातून जे दिसले ते इथे मांडतो.

अकिनोरी इवामुरा: २००८ मध्ये रेजना वर्ल्ड सिरीजमध्ये नेणारा शेवटचा बाद याच्याच हातून झाला होता. पिट्सबर्गमध्ये त्याची सरासरी .१८२ वर घसरली आणि हंगाम संपण्याआधी त्याला मुक्त करण्यात आले. त्या सौद्यात चावेझ देणाऱ्यांचे नुकसान झाले. राफाएल सोरियानो: रेजसाठी २०१० मध्ये ४५ सेव्ह, अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक. इथे रेज प्रचंड फायद्यात. रिक अँकिल: त्याच वर्षीच्या प्लेऑफमध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध अकराव्या इनिंगला त्याने समोरच्या खाडीत मारलेल्या होमरनने ब्रेव्ह्जना सामना जिंकून दिला. लियाम हेंड्रिक्स: ओकलंडमध्ये त्यालाही एकदा डीएफए व्हावे लागले, तरी २०२० मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम रिलिव्हर ठरला आणि पुढच्या वर्षी शिकागो व्हाइट सॉक्ससाठी पुन्हा.

म्हणजे ज्याला मी भर म्हटले, त्याच्या बदल्यात काही फार मोठे पिचर हलले आहेत. अर्थात सोरियानोला रेजकडे धाडताना ब्रेव्ह्जना मुख्यतः त्याच्या पगाराचे ओझे उतरवायचे होते, त्यामुळे तो सौदा चावेझच्या गुणवत्तेचा पुरावा मानायला मी अजूनही तयार नाही.

---

चट्टाहूचीकाठ

निळा पारवा, या यादीत शेवटचा सौदा राहिला आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये कब्जनी त्याला शॉन न्यूकूमच्या बदल्यात आमच्याकडे पाठवले. २ ऑगस्टला ब्रेव्ह्जनी तो आणि टकर डेव्हिडसन असे दोघे एंजल्सना दिले आणि राइसेल इग्लेसियास हा क्लोजर घेतला. एंजल्सनी आदल्याच डिसेंबरात इग्लेसियासशी चार वर्षांचा ५.८ कोटी डॉलरचा करार केला होता आणि त्यांना तो बोजा नकोसा झाला होता. एंजल्ससाठी चावेझ अकरा सामने खेळला, त्याचा ईआरए ७.५९ झाला आणि ऑगस्ट संपण्याआधी त्यांनी त्याला वेव्हरवर ठेवले. ब्रेव्ह्जनी त्याला लगेच उचलले. म्हणजे इग्लेसियासही आमच्याकडे राहिला आणि त्याच्यासाठी दिलेला चावेझही चार आठवड्यांत परत आला. सप्टेंबरभर दोघे एकाच बुलपेनमध्ये होते. त्या वर्षी मेट्सना मागे टाकून आम्ही विभाग जिंकला, तो हंगामाच्या अगदी शेवटच्या दोन दिवसांत.